तीन नंबरचा ठोका: एका मॉरिस मायनरच्या इंजिनाचं प्रकरण

काकांचा फोन आला तेव्हा त्यांनी गाडीचं नावही घेतलं नाही. "ऐक," म्हणाले, आणि फोन थेट इंजिनाजवळ धरला. मागे पंख्याचा घरघराट होता आणि त्यातून ठक्, ठक्, ठक्, जड हातोड्यानं लोखंडी ऐरणीवर मारावं तसा आवाज. मी आधी ओरडलो, "बंद करा, बंद करा!" मग विचारलं, काय झालं?

झालं होतं ते असं. एका लांबच्या चढावर ऑईलच्या दाबाचा दिवा क्षणभर लुकलुकला. उतारावर विझला. सपाटीवर आल्यावर आवाज सुरू झाला. काका तसेच पाचेक किलोमीटर हळूहळू चालवत घरी पोचले, कारण "दिवा तर विझला होता ना". ते पाच किलोमीटर या प्रकरणातले सगळ्यात महागडे, पण त्याकडे नंतर येतो.

गाडी 1965 ची मॉरिस मायनर 1000. मायनर हे मॉडेल 1948 पासून बनत आलं. आराखडा अॅलेक इसिगोनिस यांचा, ज्यांनी पुढे मिनी घडवली. काकांच्या गाडीत 1098 सीसीचं ए-सिरीज इंजिन आहे. ही ए-सिरीज 1951 मध्ये ऑस्टिन ए30 मध्ये 803 सीसीच्या रूपात आली आणि थोड्याफार फरकांनी 2000 सालापर्यंत कुठल्या ना कुठल्या गाडीत बसत राहिली. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यावर व्हॉल्व्ह धरणारं ओतीव लोखंडाचं हेड, ब्लॉकच्या कुशीत व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट, त्याचा धक्का वर नेणारे पुशरॉड, आणि पिस्टनांनी फिरणाऱ्या चार सिलिंडरच्या क्रँकला आधाराला फक्त तीन मेन बेअरिंगं. 1098 मध्ये बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 64.58 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, 83.72. म्हणजे लांब टांगांचं इंजिन: खालून दम चांगला, पण फार फिरवलेलं त्याला सोसत नाही.

या इंजिनाच्या दोन खोडी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर फिरतं. एक, क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी ऑईल सील नाही. तिथे उलट्या आट्यांसारखी एक नक्षी कोरलेली असते, ती फिरताना तेल आत ढकलते. इंजिन थांबलं की ढकलणारं कुणी नाही, त्यामुळे चार थेंब खाली पडतात. नवं असतानाही पडत. दोन, ऑईल पंप ब्लॉकच्या मागच्या तोंडावर, फ्लायव्हीलच्या आड, कॅमशाफ्टच्या टोकाला जोडलेला असतो. इंजिन बाहेर काढल्याशिवाय त्याला हात लागत नाही.

आकड्याच्या मागे गेलो

दुसऱ्या दिवशी मी कम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर, घेऊन गेलो. इथे माझी चूक झाली, ती लपवत नाही.

चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून आकडे घेतले. एक नंबर 150 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), दोन नंबर 95, तीन 148, चार 152. दोन नंबर एवढा खाली पाहिल्यावर माझं डोकं तिथेच अडकलं. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजलं, तरी आकडा वर आला नाही. म्हणजे पिस्टनच्या रिंगा नव्हेत. शेजारचे दोन्ही सिलिंडर व्यवस्थित, म्हणजे दोघांमधली गॅस्केट फुटलेलीही नाही. उरला व्हॉल्व्ह. सिलिंडरमध्ये हवा सोडली तर सायलेन्सरच्या तोंडातून फुसफुस ऐकू आली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला. ए-सिरीजच्या हेडमध्ये दोन आणि तीन नंबरचे एक्झॉस्ट मधल्या एकाच सामायिक पोर्टमधून बाहेर पडतात, ती जागा सगळ्यात तापते, शिवाय शिसं नसलेल्या पेट्रोलवर जुन्या मऊ सीट झिजत जातात. सगळं कसं चपखल जुळत होतं.

काकांना म्हटलं, हेड उतरवू, काम तिथेच आहे. आवाजाचं काय? मिसफायरमुळे, म्हणजे एक सिलिंडर नीट पेटत नसल्यामुळे, इंजिन हलतंय, त्याचाच आवाज असेल, असं मी सांगितलं. आज ते वाक्य आठवलं की कानाची पाळी गरम होते. मिसफायरनं गाडी थरथरते, फुरफुरते. ऐरणीवर हातोडा मारत नाही.

हेड उतरलं. दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला खरोखरच खाल्लेला होता. चारही एक्झॉस्टना कडक सीट बसवून घेतल्या, व्हॉल्व्ह घासले, नवी गॅस्केट टाकली, हेडचे नट क्रमानं आणि टप्प्याटप्प्यानं 40 पाउंड-फूट, म्हणजे सुमारे 54 न्यूटन-मीटरला आवळले. तीन आठवडे गेले. इंजिन सुरू केलं. अगदी गुळगुळीत चाललं, आणि ठोका पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू आला. मिसफायरचा गलका गेल्यामुळे तो आता एकटाच उरला होता.

दोन दुखणी एकाच वेळी होती, आणि ज्याला आकडा होता त्याच्या मागे मी गेलो. क्रँकवरच्या बेअरिंगचा आजार कम्प्रेशन गेजला दिसत नाही. शेल, म्हणजे बेअरिंगचं अर्धगोल पातळ कवच, झिजून पार तांबं उघडं पडलं तरी वरचा पिस्टन आणि रिंगा आपलं काम नीट करत असतात, म्हणून तीन नंबरचा आकडा 148 होता.

मग आवाज ऐकायला बसलो

जुन्या इंजिनाच्या प्रत्येक दुखण्याचा आवाज वेगळा असतो. टॅपेटची टिकटिक क्रँकच्या निम्म्या वेगानं चालते आणि वरून येते. टायमिंग चेन सैल झाली तर पुढच्या कव्हरमागे खळखळ. पिस्टन बोअरमध्ये डुलत असेल तर थंड असताना पोकळ थापटल्यासारखं वाजतं आणि इंजिन तापलं की कमी होतं. मेन बेअरिंग गेलं तर भार पडताच खोलवर गडगडतं, पायाखालच्या पत्र्याला कळतं. आणि बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग, गेलं की कोरडा, टणक ठोका येतो. इंजिन मध्यम वेगात असताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की तो सगळ्यात स्पष्ट होतो.

इथे नेमकं तसंच होत होतं. मग एकेका प्लगची वायर क्षणभर काढून ब्लॉकला टेकवून पाहिली. एक नंबरला फरक नाही, दोनला नाही. तीन नंबरची वायर काढली आणि ठोका निम्म्याहून खाली आला. तीनमध्ये स्फोट झाला नाही की पिस्टनला खाली दणका बसत नाही, मग सैल झालेला शेल क्रँकपिनवर, म्हणजे रॉड बसतो त्या क्रँकच्या गोल भागावर, आपटत नाही. एवढ्या साध्या, दोन मिनिटांच्या परीक्षेनं तीन आठवडे वाचले असते.

आजार कळला, पण कारण कळलं नव्हतं. तीन नंबरचं बेअरिंग का गेलं? हा प्रश्न सोडून थेट सामान मागवायला बसणारे खूप भेटतात. एकानं काकांना सांगितलं, साठ वर्षांचं इंजिन आहे, आणखी काय कारण हवं? पण वयानं गेलेलं इंजिन सगळीकडून थोडंथोडं जातं. या इंजिनाची कम्प्रेशनं दीडशेच्या आसपास होती. ते म्हातारं नव्हतंच.

म्हणून ऑईलच्या दिव्याचा स्विच काढून त्या जागी तात्पुरतं प्रेशर गेज लावलं. या मायनरच्या डॅशबोर्डवर मुळात ऑईलचं गेज नसतं, फक्त दिवा असतो. चांगल्या ए-सिरीजमध्ये गाडी पळताना सुमारे 60 पीएसआय आणि गरम असताना आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत पाय न देता, 15 च्या आसपास दाब हवा. दिवा पेटतो तो दाब दहाच्याही खाली आल्यावर. म्हणजे 60 च्या जागी 20 असले तरी दिवा विझलेलाच राहणार आणि चालवणारा निर्धास्त. काकांच्या "दिवा तर विझला होता" चं उत्तर हे होतं.

ठोकणारं इंजिन चालवणं म्हणजे जखमेवर चालणं, पण एक मिनिट चालवलं. थंड इंजिन, आयडलला 48. साधारण 2500 फेऱ्यांवर नेलं, काटा 55 ला गेला. तिथेच धरून ठेवलं तर काटा हळूहळू घसरू लागला: 50, 42, 35. पाय काढला, आयडलला आलं, काही क्षणांत पुन्हा 45.

हे विचित्र होतं. बेअरिंगं झिजल्यामुळे दाब पडला असेल तर फेऱ्या वाढवल्या की दाब वाढतो, कारण पंप जास्त तेल फेकतो. इथे उलटं घडत होतं. पंप जेवढं मागत होता तेवढं त्याला मिळत नव्हतं. तोंडात काहीतरी अडकलं होतं.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, सहज, बोलता बोलता. वर्षभरापूर्वी लांबच्या प्रवासात दिवा एकदोनदा मिणमिणला होता. "गरम झाल्यावर ऑईल पातळ होतं म्हणून मी जाड घातलं." आणि मग? "मग बरेच दिवस दिवा लागला नाही." विचार बरोबर वाटतो, पण तोंड बंद होत आलेल्या जाळीतून जाड तेल ओढणं पंपाला आणखी कठीण. आयडलला जाड तेलानं दाब बरा दिसला, दिवा गप्प बसला, आणि नेमक्या वेगात, चढावर, जिथे तेल सगळ्यात जास्त लागतं तिथे उपासमार वाढली. दुखणं गेलं नव्हतं, नुसतं दिसायचं बंद झालं होतं.

चेंबर उतरवला

ऑईल काढलं तेव्हा ते चमकत होतं, शाईत चांदीची पूड मिसळावी तसं. चुंबक फिरवला, काही चिकटलं नाही. म्हणजे लोखंड-पोलाद नव्हे, बेअरिंगचा मऊ धातू. फिल्टरची कागदी घडी कापून पसरली, तिच्यात तीच चकाकी होती आणि सोबत लालसर रबरासारखे बारीक कण. मायनरचा चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, इंजिन जागेवर असतानाच उतरतो. बोल्ट काढून तो खाली घेतला आणि पंपाला तेल नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी असलेली जाळी पाहिली.

जाळीवर लाल सिलिकॉनच्या दोऱ्यांसारख्या लांब वळ्या पसरल्या होत्या, वर काळा गाळ चढून त्यांचं बूच झालेलं. उघडी जागा अंगठ्याच्या नखाएवढी. चेंबरच्या कडेला आतून त्याच लाल सिलिकॉनची ओघळलेली रेघ होती, मधूनमधून तुटलेली. तुटलेले तुकडे कुठे गेले ते समोरच दिसत होतं.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत गेले आणि कपाटातून लाल सीलंटची अर्धी पिळलेली ट्यूब घेऊन आले. तीनेक वर्षांपूर्वी मागून तेल टपकतं म्हणून त्यांनी स्वतःच चेंबर काढून, गॅस्केटच्या दोन्ही बाजूंना भरपूर सिलिकॉन फासून परत बसवला होता. टपकणं काही थांबलं नाही, कारण ते गॅस्केटमधून नव्हतंच, क्रँकच्या त्या कोरलेल्या नक्षीमागून होतं. बाहेर ओघळलेलं सिलिकॉन त्यांनी पुसून टाकलं. आत तेवढंच ओघळतं, ते दिसत नाही. तेलात भिजून ते सुटत गेलं. इंजिन बंद केलं की तुकडे जाळीवरून खाली पडायचे, म्हणून थंड सुरुवातीला दाब चांगला. पंपानं जोरात ओढलं की परत चिकटायचे, म्हणून वेगात दाब घसरायचा. काटा 55 वरून 35 ला का येत होता, त्याचं उत्तर ती ट्यूब होती.

"म्हणजे मीच मारलं म्हण की," काका म्हणाले. मी म्हटलं, मीही तीन आठवडे भलत्याच जागी घालवले, आपण बरोबरीत आहोत.

तीन नंबरची बेअरिंग कॅप खोलली. शेलवरचा करडा मऊ थर गेलेला, खालचं तांबं लखलखत होतं आणि एका कडेला तेही खरवडलेलं. क्रँकपिनवर नख फिरवलं तर अडकत होतं. दोन नंबरचा शेल नुकताच चाटायला लागलेला. एक आणि चार करडे, मऊ, निरोगी. याला अर्थ आहे: दोन आणि तीन या दोन्ही पिनांना तेल मधल्या मेन बेअरिंगमधूनच जातं. दोघांचा घास एकाच ताटातून, म्हणून तुटवडा पडला की आधी तेच उपाशी. आणि घरी येतानाचे ते पाच किलोमीटर म्हणजे चाटलेल्या शेलपासून खरवडलेल्या पिनपर्यंतचं अंतर.

शेलच्या पाठीवर 020 असा शिक्का होता. ही पाठ वाचणं कुणी चुकवू नये. इंजिनाची जुनी कहाणी तिथे लिहिलेली असते. क्रँक एकदा आधीच 20 थाऊ, म्हणजे इंचाचे 20 हजारांश, घासलेला होता.

आता काय करायचं

"नुसते नवे शेल टाकले तर?" काकांचा पहिला प्रश्न, आणि तो रास्त होता. चेंबर खाली होता, हात पोचत होता, एका दुपारचं काम. पण नख अडकणाऱ्या पिनवर नवा शेल म्हणजे कानशीवर लोणी. मायक्रोमीटर लावला तेव्हा तीन नंबरची पिन एका दिशेनं दुसरीपेक्षा 0.06 मिलिमीटर कमी भरली, अंडाकृती झाली होती. या बेअरिंगला तेलासाठी ठेवायची फटच मुळात 0.025 ते 0.063 मिलिमीटर. शेल टाकून गाडी सुरू झाली असती, शांतही चालली असती, काही महिने. शिवाय पंपातून बेअरिंगची पूड गेली होती, कारण फिल्टर पंपाच्या पुढे बसतो, मागे नाही. पंपाला फक्त जाळीचं संरक्षण. आणि पंप बघायचा तर इंजिन बाहेर.

दुसरी वाट वापरलेलं 1098 आणून बसवण्याची. बरेच जण हेच करतात आणि मी त्यांना दोष देत नाही. फक्त त्या इंजिनाच्या पोटात काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. निदान चेंबर उतरवून एका शेलची पाठ वाचल्याशिवाय ते घेऊ नये, एवढं मी म्हणेन.

तिसरी वाट 1275 सीसीच्या ए-सिरीजची, मायनरवाल्यांची आवडती. मूळ बैठकीत फारशी काटछाट न करता बसतं, जोम खूप वाढतो. मला स्वतःला ती भुरळ पडली होती, हे मान्य करतो. पण मग पुढचे आठ इंचाचे ड्रम ब्रेक पुरत नाहीत, ते बदला. मागच्या चाकांच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर त्याला जुळत नाही, ते बदला. एका इंजिनाच्या दुरुस्तीतून गाडीच नव्यानं बांधायला घ्यावी लागते. आणि जिथे नोंदणीच्या कागदावर इंजिन क्रमांक असतो तिथे तोही खटाटोप आलाच.

काकांनी फार विचार केला नाही. "मला हिला पळवायचं नाहीये. हिच्याच ब्लॉकवर काम कर." ठरलं.

मोजमाप, आणि काय केलं नाही

बॉनेट, रेडिएटर, कार्ब्युरेटर, डायनॅमो काढून गिअरबॉक्स गाडीतच ठेवून इंजिन चेन पुलीनं उचललं. काढण्यापूर्वी प्रत्येक जोडणीचे फोटो घेतले. त्याहून महत्त्वाचं, टॅपेट (कॅमवर टेकणारे ठोकळे) आणि पुशरॉड ज्या भोकातले त्याच क्रमानं पुठ्ठ्यात रोवून ठेवले. कॅम तोच वापरायचा असेल तर टॅपेटची जागा बदलता येत नाही. दोघं एकमेकांवर झिजून जोडी झालेले असतात, नवी जोडी लावली की कॅमचे उंचवटे घासून जातात.

क्रँकच्या सगळ्या पिना आणि मेन मोजल्या. मूळ क्रँकपिन सुमारे 41.29 मिलिमीटरची, 20 थाऊ घासल्यावर 40.78. आता पुढची पायरी 30 थाऊ, म्हणजे 40.53. त्यानंतर 40 थाऊची एकच पायरी राहते. घासण्याआधी चुंबकीय पद्धतीनं तडे तपासून घेतले. हा खर्च बरेच जण टाळतात, पण तीनच बेअरिंगांवर झुलणारा लांब स्ट्रोकचा क्रँक वाकत-उलगडत असतो आणि तडा पिनच्या कोपऱ्यातून सुरू होतो. म्हणूनच मशीनवरच्या मिस्त्रींना मी दोनदा सांगितलं की कोपऱ्यातली गोलाई तशीच ठेवा, काटकोन करू नका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तिसऱ्यांदा सांगायची हिंमत झाली नाही.

बोअरचं उलट झालं. पिस्टनच्या डोक्यावरही +20 चा शिक्का होता, म्हणजे बोअर आधीच 20 थाऊ वाढवून 65.09 मिलिमीटर. गेजनं वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी मोजलं. सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगेच्या जागी, 0.05 मिलिमीटर. ओळखीतल्या प्रत्येकानं सांगितलं, इंजिन उघडलंच आहे तर बोअरिंग करून +40 चे पिस्टन टाक. मी नाही केलं. +40 म्हणजे या ब्लॉकची आणखी एक पायरी खर्ची. ती आज उगाच वापरली तर लाइनर, म्हणजे सिलिंडरमध्ये नवी नळी, ठोकण्याची वेळ लवकर येते. वरची कड काढली, हलकं होनिंग करून तिरप्या रेघा पाडल्या, नव्या रिंगांच्या फटी बोअरमध्ये ठेवून फिलर गेजनं तपासल्या. तेवढं पुरलं.

धुण्यातच सगळ्यात जास्त दिवस गेले. बेअरिंगची पूड तेलाच्या प्रत्येक वाटेत गेलेली असते. ब्लॉकमधल्या मुख्य तेलवाहिनीच्या टोकांची पितळी बुचं काढून आत लांब ब्रश फिरवला, रॉकेलनं धुतलं, हवा मारली, पुन्हा धुतलं. क्रँकच्या तिरप्या भोकांतून ग्राइंडिंगचा चिखल निघाला, मिस्त्रींनी "धुऊन दिलाय" म्हटल्यानंतर. पांढरा कपडा ओढला तर तो पांढराच बाहेर यायला हवा. आम्हाला त्याला चार फेऱ्या लागल्या. नवं इंजिन शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा ठोकायला लागण्यामागे बहुतेकदा हाच उरलेला चिखल असतो, असं माझं ठाम मत आहे.

पंप नवा घेतला. पहिल्यांदा चुकीचा आला. ए-सिरीजच्या कॅमशाफ्टच्या टोकाला पंप जोडण्याचे वेगवेगळे प्रकार आहेत, कुठे पिन, कुठे खाच, आणि खोक्यावरचा फोटो पाहून ते कळत नाही. कॅमचं टोक डोळ्यांनी पाहूनच मागवावा.

जोडणीबद्दल फार लिहीत नाही, ते पुस्तकात आहे. मेनचे बोल्ट 60 पाउंड-फूट, बिग एंडचे 35, लॉक पट्ट्या नव्या. प्लॅस्टिगेजची, म्हणजे फट मोजायच्या मऊ प्लॅस्टिकची, पट्टी दाबून पाहिली, तीन नंबरला फट 0.04 मिलिमीटर भरली. चेंबरची गॅस्केट कोरडी बसवली, फक्त चार कोपऱ्यांत, जिथे कॉर्कच्या पट्ट्या भेटतात, काडीच्या टोकाएवढं सीलंट. ते लावताना काका शेजारी उभे राहून बघत होते. एकदाही बोलले नाहीत.

दाबच येईना

इंजिन गाडीत बसलं. प्लग काढून ठेवले, म्हणजे कम्प्रेशनचा भार नको, आणि स्टार्टरनं इंजिन फिरवलं. गेज शून्य. दहा सेकंद, थांबलो. पुन्हा दहा. शून्य. बॅटरी मंदावली, माझे हात गार पडले. डोक्यात एकामागून एक शंका: पंप उलटा? तेलवाहिनीचं बूच आत राहिलं? दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह अडकला? बाहेरच्या घुमटाच्या नटाखालून तो व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून पाहिली, व्यवस्थित होतं.

मग लक्षात आलं. आम्ही पंप इतका स्वच्छ धुऊन, पुसून बसवला होता की तो पूर्ण कोरडा होता. कोरडा पंप हवा फिरवत बसतो, चेंबरमधून तेल ओढत नाही. बसवतानाच त्यात तेल भरायला हवं होतं. आता इंजिन परत काढायचं का, असं काकांनी अगदी हळू विचारलं. सुदैवानं दुसरा मार्ग असतो. फिल्टरकडे जाणारी ऑईलची नळी ब्लॉकपाशी सोडली आणि तेलाच्या पिचकारीनं त्या भोकातून तेल मागे ढकललं, इंजिन हातानं किंचित उलटं फिरवत, म्हणजे पंपच ते आत घेईल. नळी जोडली, बॅटरी चार्ज केली, पुन्हा स्टार्टर. सहा-सात सेकंदांनी काटा थरथरला आणि उडी मारून 40 वर गेला.

प्लग लावले. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन धरलं. आवाज होता टॅपेटचा, फक्त टॅपेटचा.

पहिल्या दीडशे किलोमीटरनंतर ऑईल बदललं, फिल्टर कापून पसरला: रिंगा बसतानाची थोडी करडी पूड, चकाकी नाही, लाल तर काहीच नाही. 800 किलोमीटरला पुन्हा बदललं. तोवर इंजिनाला ओढायला लावलं नाही आणि एका वेगावर तासन्‌तास चालवलंही नाही. कम्प्रेशन आता चारही 155 ते 160 च्या दरम्यान. गेज आम्ही काढलंच नाही, डॅशबोर्डखाली एका पट्टीवर कायमचं बसवलं. गरम इंजिनावर, चढावर, 58 ते 60. आयडलला 20. फेऱ्या धरून ठेवल्या तर काटा जागचा हलत नाही. काकांनी पहिल्या लांब फेरीत रस्त्यापेक्षा त्या काट्याकडे जास्त पाहिलं, शेवटी मला त्यांना टोकावं लागलं.

परवा गेलो तेव्हा गाडी उभी होती आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाखाली जमिनीवर दोन ताजे थेंब होते. काकांनी ते पाहिले, मीही पाहिले.

"हे थांबणार नाही ना?"

"नाही."

ते आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात एक जुना पत्र्याचा ट्रे होता. तो त्यांनी गाडीखाली पायानं सरकवला, थेंब बरोबर मधोमध पडेल असा.